परदेशी शिक्षण आणि सहाध्यायांची संगत



आमचा बांदा गाव तेरेखोल नदीच्या काठी, महाराष्ट्राच्या अगदी टोकाला वसलेला आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा लागतो. आमच्या वडिलांच्या पिढीत गाव सोडणे म्हणजे मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत कामाला जाणे. आमच्या पिढीने सावंतवाडीचे कॉलेज पाहिले आणि बी. ए. होऊन नोकरी धरली. आता पुढच्या पिढीतील एखादा मुलगा, एखादी मुलगी इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र घेऊन बँकेच्या खिडकीशी उभी राहते, तेव्हा त्या खिडकीच्या आत बसलेल्या आमच्यासारख्या कारकुनाचा ऊर भरून येतो. आम्ही स्वतः परदेशी गेलेलो नाही. आमचा परदेश म्हणजे पत्रादेवीपलीकडचे म्हापसे आणि पणजी. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहोत, त्याला एक कारण घडले.

मागील साली आपल्याच एका वाडीतील मुलगा शिष्यवृत्ती मिळवून परदेशी निघाला. कागदपत्रांसाठी तो आईला घेऊन बँकेत आला होता. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, जामीनपत्र असा सारा गठ्ठा टेबलावर होता. सह्या झाल्या. मुलगा झेरॉक्स काढायला बाहेर गेला, तेव्हा माउलीने हळूच विचारले, “भाऊ, माज्या झिलाच्या वांगडाक थंय कोण आसतलो? जेवताना बाजूक कोण बसतलो?”

फी किती, विमान कुठून, थंडी किती, यांपैकी काहीही तिने विचारले नाही. शेजारी जेवायला कोण बसेल, एवढेच विचारले. आम्ही “होईल ओळख, काळजी करू नका” असे काहीतरी पुटपुटलो. पण रात्री जेवताना तो प्रश्न पुन्हा आठवला आणि आपण दिलेले उत्तर किती पोकळ होते, याची लाज वाटली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रश्न साधा नाही

ज्यांच्या आजा-पणजांना सार्वजनिक पाणवठ्यावर जाता येत नव्हते, लग्नाच्या पंगतीत ज्यांना दूर अंगणात बसविले जाई, चहाच्या दुकानात ज्यांची कपबशी वेगळी ठेवलेली असे, त्यांच्या घरात ‘शेजारी कोण बसणार’ हा प्रश्न साधा असू शकत नाही. भूक भागली म्हणजे जेवण झाले असे आपल्याकडे कधीच नव्हते. कोण कुणाच्या शेजारी बसतो, कोण कुणाच्या हातचे खातो, यावर माणसाची किंमत ठरत असे. म्हणून परदेशी शिक्षणाचा विचार करताना विद्यापीठ, विषय आणि पदवी यांच्याबरोबरच सहाध्यायांच्या संगतीचाही विचार आपल्या समाजाने केला पाहिजे. याचा सर्वांत मोठा धडा आपल्याला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेतच सापडतो.

न्यूयॉर्कमधील खोली

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वय अवघे बावीस. प्रथम ते हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले, पण तेथे आठवडाभरच राहिले. नंतर काही दिवस कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये काही भारतीय विद्यार्थ्यांसोबत त्यांनी मुक्काम केला आणि शेवटी लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहू लागले. ती इमारत आजही उभी आहे. आता तिला वॉलॅक हॉल म्हणतात.

विचार करा. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे, तोच मुलगा आता पारशी मित्राबरोबर एका खोलीत राहत होता, त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवत होता. ही मैत्री वसतिगृहापुरती राहिली नाही. १९२० साली अपुरा राहिलेला अभ्यास पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा स्वतःची शिल्लक आणि छत्रपती शाहू महाराजांची मदत यांना जोड मिळाली ती याच नवल भथेनांनी उसन्या दिलेल्या पाच हजार रुपयांची. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाच्या नजरेने सांगतो, त्या काळी पाच हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. तारण काय, तर एका खोलीत काढलेले दिवस.

जिन्यावर भेटलेला विद्यार्थी

अनोळखी शहरात विद्यार्थी किती एकटा पडतो, याची एक हकीकत याच विद्यापीठाच्या परिसरातील आहे. १९०९ साली हॅरी एडमंड्स नावाचे एक गृहस्थ कोलंबियाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून जात होते. समोरून येणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याला त्यांनी सहज नमस्कार केला. तो विद्यार्थी थांबला आणि त्याने सांगितले की, आपल्याला या शहरात येऊन तीन आठवडे झाले आणि आपल्याशी बोलणारे तुम्ही पहिलेच. एडमंड्स घरी गेले, ही गोष्ट पत्नीला सांगितली आणि त्या दोघांनी परदेशी विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलावण्यास सुरुवात केली. त्यातून विद्यार्थ्यांचे मंडळ निघाले, रविवारची सामुदायिक भोजने सुरू झाली आणि १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘इंटरनॅशनल हाउस’ हे देशोदेशींच्या विद्यार्थ्यांचे मोठे वसतिगृह उभे राहिले.

एका नमस्कारातून एक संस्था उभी राहिली. यातून दोन बोध घ्यावेत. एक, तीन आठवडे कुणी बोलत नाही, असे परदेशात होऊ शकते आणि तो आपला दोष नसतो. दुसरा, आधी बोलायला कुणीतरी एकाने पुढे व्हावे लागते. तो एक आपणच का होऊ नये?

सहाध्यायांपुढे मांडलेला प्रश्न

९ मे १९१६ रोजी डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरील आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला. गोल्डनवायझर हे स्वतः रशियन साम्राज्यातील कीव्ह येथे जन्मलेले. म्हणजे गुरूही परदेशातून आलेले आणि शिष्यही. या निबंधाची सुरुवात वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. देशोदेशींच्या वस्तू मांडलेली प्रदर्शने आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील, अशा ओळखीच्या दाखल्याने बाबासाहेब श्रोत्यांना विषयाकडे नेतात. ज्यांनी जात कधी भोगली नाही, त्यांना ती समजावून द्यायची होती. त्यासाठी तक्रारीचा सूर न लावता शास्त्राची भाषा त्यांनी वापरली. जात टिकते ती जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहामुळे, हा सिद्धान्त त्यांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी मांडला. पुढील वर्षी, १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला.

परदेशी सहाध्यायांचा हा मोठा उपयोग आहे. आपल्या घरच्या गोष्टी आपल्याला इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्यांचे कारण आपण विचारीत नाही. बाहेरचा सोबती “असे का?” म्हणून विचारतो आणि उत्तर शोधताना आपल्यालाच आपला देश नव्याने कळतो.

बडोद्याची परीक्षा

परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पार पुसून गेली होती, असे बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत नमूद केले आहे. १९१७ साली ते परत आले आणि नोकरीसाठी बडोद्याला गेले. राहायला जागा मिळेना. अखेर नाव बदलून एका पारशी पथिकाश्रमात ते राहिले. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात येऊन उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेले. शहरातील एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचिताकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. कोलंबियाचा हा विद्वान त्या दिवशी बागेत जाऊन बसला.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. न्यूयॉर्कमधील जिवलग खोलीसोबती पारशी होता आणि बडोद्यात काठ्या घेऊन आलेलेही पारशीच होते. धर्म तोच, समाज तोच, पेहराव तोच. मग फरक कशाचा? आमच्या अल्पमतीप्रमाणे फरक इतकाच की, एकाने त्यांना माणूस म्हणून ओळखले होते आणि दुसऱ्यांना त्यांची फक्त जात कळली होती. नवल भथेना त्यांच्याबरोबर राहिले, जेवले, अभ्यासाला बसले. काठ्या घेऊन आलेल्यांनी हे काहीच केले नव्हते. सहवास माणसाला जे शिकवतो ते नुसत्या जन्माने येत नाही, आणि जन्माने आलेला दुरावा सहवासाने मिटू शकतो. या एकाच गोष्टीसाठी हा लेख लिहावा असे आम्हास वाटले.

परंतु परदेश म्हणजे स्वर्ग असाही समज करून घेऊ नये. ज्या कोलंबियात बाबासाहेब समतेने राहिले, त्याच विद्यापीठाच्या वसतिगृहात १९२४ साली एक काळा विद्यार्थी राहू लागला, तेव्हा त्याच्याविरुद्ध ओरड झाली आणि वसतिगृहासमोर क्रूस पेटवून त्याला धमकावण्यात आले. भेदभाव सर्वत्र असतो, त्याची नावे तेवढी बदलतात. म्हणून आपल्याला जे आदराने वागवतात त्यांच्याशी मैत्री करावीच, पण तेथे कुणाला दूर बसविले जात असेल तर त्याच्या शेजारी जाऊन बसण्याची जबाबदारी आपल्यावर इतरांपेक्षा अधिक आहे, हे विसरू नये.

जुनी परंपरा

देशोदेशींच्या विद्यार्थ्यांनी एकत्र शिकणे ही पाश्चात्त्यांनी काढलेली नवी रीत नव्हे. सातव्या शतकात नालंदा महाविहारात चीन देशाचा ह्युएनत्संग आचार्य शीलभद्रांपाशी शिकला. मायदेशी परतून कित्येक वर्षे लोटल्यावर, बोधगयेच्या महाबोधी विहारातील प्रज्ञादेव या भिक्षूने त्याला पत्र आणि भेट म्हणून वस्त्रे पाठविली. दोघांचे पंथ भिन्न, तरी स्नेह अखंड. उत्तरात ह्युएनत्संगाने स्नेहभाव कळविला. शीलभद्रांचे शिष्य ज्ञानप्रभ यांना लिहिलेल्या पत्रात गुरूंच्या निधनाचे दुःख व्यक्त केले आणि सिंधू नदी ओलांडताना वाहून गेलेल्या ग्रंथांच्या प्रती मागितल्या. टपाल नाही, तार नाही, मध्ये वाळवंट आणि हिमालय, तरी सहाध्यायी एकमेकांना विसरले नाहीत.

आपल्या शेजारच्या गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचेही स्मरण करावे. बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडून ते १९०२ साली सिंहलद्वीपात पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पालि शिकले. पुढे १९१० साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात जाऊन त्यांनी विशुद्धिमार्गाच्या संशोधनाचे काम केले. कोकणपट्टीतील हा माणूस सिंहली भिक्षूंत आणि अमेरिकन पंडितांत सारख्याच निष्ठेने वावरला.

मुलींनी आणखी एक उदाहरण ध्यानात ठेवावे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात १८८५ साली काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत: भारताच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली. तिघीही आपापल्या देशाच्या वेशात आहेत. मैत्रीसाठी कुणालाही आपले लुगडे किंवा किमोनो टाकावा लागला नाही.

कल्याणमित्र कसा ओळखावा

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मित्रांचा विचार केला आहे. खरे मित्र चार प्रकारचे: उपकार करणारा, सुखदुःखात समान राहणारा, हिताची गोष्ट सांगणारा आणि अनुकंपा बाळगणारा. मित्राच्या वेषातील अमित्रही चार: केवळ घेणारा, नुसता बोलघेवडा, तोंडपुजा आणि नाशाच्या वाटेवरचा सोबती. या यादीत मित्राचा देश, वर्ण किंवा भाषा यांचा कोठेही उल्लेख नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कसोटी लंडनच्या वसतिगृहातही तितकीच उपयोगी पडते.

या उपदेशाच्या प्रकाशात, परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही काही गोष्टी सुचवितो.

१) पहिल्याच आठवड्यात आपण होऊन बोलावे. सोबत्याचे नाव नीट उच्चारायला शिकावे आणि आपलेही नीट उच्चारायला शिकवावे. इंग्रजी अडखळली तरी चालेल. तेथील निम्म्या वर्गाचीही ती परकी भाषाच असते.

२) आठवड्यातून एकदा तरी आपली भाषा न बोलणाऱ्याबरोबर जेवावे. कोण काय खात नाही हे आधी विचारावे. आपला भात, कुळथाची पिठी, सोलकढी करून वाढावी आणि त्यांचे आनंदाने चाखावे.

३) मद्याचा आग्रह झाल्यास हसून ‘मी घेत नाही’ एवढेच म्हणावे. पंचशील पाळणाऱ्याला शरमण्याचे कारण नाही आणि इतरांना व्याख्यान देण्याचेही कारण नाही.

४) अभ्यासाचे मंडळ करावे, चर्चा भरपूर करावी, पण लेखन स्वतःचेच द्यावे. दुसऱ्याचे उतरून देणे तेथे गंभीर गुन्हा मानला जातो.

५) हॉटेलात आपापला वाटा आपण देणे ही तेथील रीत आहे, तिला कंजूषपणा समजू नये. मात्र मैत्रीखातर आपले बँक खाते दुसऱ्याच्या पैशांसाठी कधीही वापरू देऊ नये. बँकेतील माणसाचा हा सल्ला पक्का धरावा.

६) आपल्या देशबांधवांत जरूर मिसळावे, पण तेवढ्यातच कोंडून घेऊ नये. कुणी आडनाव आणि गाव विचारून जातीचा माग काढू लागला, तर लपवू नये आणि लाजूही नये. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली आपल्या नियमांत जातिभेदाविरुद्ध तरतूद केली. सिएटल शहराने २०२३ साली तसा कायदा केला. आपल्या विद्यापीठाचे नियम काय आहेत ते जाताच वाचून ठेवावेत.

७) करमत नसेल तर मनात ठेवू नये. घरी सांगावे, विद्यापीठातील समुपदेशकाला सांगावे.

८) संगतीलाही मर्यादा असावी. शिष्यवृत्तीचा महिना कुणासाठी थांबत नाही. लंडनमध्ये रात्री उशिरापर्यंत वाचीत बसलेल्या बाबासाहेबांना खोलीतील सोबती झोपण्याचा आग्रह करी, तरी पुस्तक मिटत नसे. मित्रांवर प्रेम करावे, पण वेळेवर अधिक करावे.

आपल्या गावातील पंगत

शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, बँकांची शैक्षणिक कर्जे आहेत. त्यामुळे आणखी मुले जातील. पण संगतीचे शिक्षण विमानात बसल्यावर सुरू होत नाही, ते येथेच सुरू व्हावे लागते. आपल्या गावच्या शाळेत परप्रांतातून कामासाठी आलेल्यांची मुले शिकतात. कुणी कर्नाटकातून आलेला, कुणी बिहारचा, कुणी नेपाळचा. त्यांना मराठी नीट येत नाही. डबा खाताना त्यांच्या शेजारी कोण बसते? आपली मुले बसतात काय? बुद्धपौर्णिमेच्या भोजनाला आपण त्यांना कधी बोलावले आहे काय? आम्ही स्वतःला हा प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर नकारार्थी आले, हे प्रांजळपणे कबूल करतो. न्यूयॉर्कमधील त्या चिनी विद्यार्थ्यासारखा कुणी आपल्या गावाच्या तिठ्यावरही उभा असेल, आणि तीन आठवडे त्याच्याशी कुणी बोललेले नसेल.

लेख संपविताना त्या माउलीचे सांगतो. परवा ती पासबुक भरून घ्यायला आली होती. मुलाचा फोन येतो म्हणाली. रविवारी ते चौघे मिळून जेवण रांधतात. एक व्हिएतनामची मुलगी आहे, एक नायजेरियाचा मुलगा आहे, एक तिथलाच. “तेंका पण भातच लागता,” असे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते आमच्या कोणत्याही उत्तराने आले नसते. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या मुलानेच दिले होते.

जाताना तिने आम्हाला बुद्धपौर्णिमेला जेवायला यायचे निमंत्रण दिले. आम्ही म्हटले, येतो, पण यंदा आमच्यासोबत आणखी दोन-चार घरे येतील, त्यांची भाषा वेगळी आहे. ती म्हणाली, “येवंदेत.”

जय भीम!